भेंडाचे पंख

माझ्यात कुणी बसू शकत नाही. मला दार नाही, खिडकी नाही, इंजिनही नाही. दोन्ही पंख पसरले तर एका खाटेच्या लांबीलाही थोडे कमीच पडतात, एवढाच माझा पसारा. तरी मी विमान आहे, आणि हे मी छाती पुढे काढून सांगतो. दुकानात टांगलेलं, चाकांवर घरंगळणारं खेळणं मी नव्हे. नकाशा समोर अंथरून, एकेक फासळी कापून दोन माणसांनी मला घडवलं आहे, आणि मी हवेत राहिलेलो आहे.

माझ्या जातीची विमानं बाल्सा नावाच्या परदेशी लाकडाची करतात. ते लाकूड आमच्या भंडारा जिल्ह्यात कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. माझं अंग भेंडाचं आहे. तलावाच्या कडेला पाण्यात भेंड उगवतं. त्याचा पांढरा गाभा कापसासारखा हलका असतो आणि त्याची नवरानवरीसाठी बाशिंगं करतात. कणा मात्र बांबूचा, कातडी पतंगाच्या कागदाची, आणि नाकात वजनाला मासळीच्या जाळ्यातली शिशाची गोळी. अर्धा तलावातून आलो, अर्धा लग्नघरातून, असं म्हणा ना.

माझा जन्म लाखनीचा, सन अठ्ठ्याहत्तरचा. मला घडवणाऱ्याचं नाव केवळराम आणि घडवणारीचं नाव जिजा. हे दोघं नवराबायको.

केवळरामचे वडील तलावात मासे धरायचे. त्या घरातून शिकून मास्तर झालेला हा पहिलाच. लाखनीच्या एका शाळेत तो चित्रकला शिकवायचा. त्याचा हात असा होता, की फळ्यावर खडूनं एका झटक्यात बैल काढला तर पोरांना त्याच्या गळ्यातली घंटा ऐकू यायची. गावातली दुकानं, ट्रकांच्या पाट्या, गणपतीच्या मागचे पडदे, सगळं त्याच्याच हातचं.

मी जन्मण्याच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. केवळरामचा जिवाभावाचा मित्र गोपीचंद, त्याची धान भरडायची मिल होती. मिलच्या आतल्या भिंतीवर केवळराम नाव रंगवत होता. ‘गोपीचंद राईस’ एवढं झालं होतं. शेजारी यंत्राचा पट्टा फिरत होता. रंग पुसायचं फडकं पट्ट्यात अडकलं आणि फडक्याबरोबर हात गेला. उजव्या हाताची मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली.

शाळेनं त्याला काढलं नाही. वाचनालयात खुर्ची दिली. सगळेच त्याच्याशी फार चांगले वागले. पण खडू त्यानं पुन्हा धरला नाही. पंजा सदऱ्याच्या खिशात घालून तो घरी यायचा आणि रस्त्यावरचे ट्रक मोजल्यासारखा ओसरीत बसून राहायचा. मिलच्या भिंतीवर पुढचं अक्षर लिहायला गोपीचंदनं दुसरा रंगारी बोलावला नाही. नाव तसंच अर्धवट राहिलं.

एका दिवाळीच्या आधी जिजानं घरातल्या पेटीतले कपडे उन्हात टाकले. तळाशी एक मोठा घडीचा कागद निघाला. तिनं तो उलगडला तर सगळ्या अंगणात पसरला.

“हे काय होय?” तिनं विचारलं.

“विमानाचा नकाशा. नागपूरले शिकत होतो तवा एका मित्रानं देल्ला होता. ठेव परत.”

“बनवलं नाही काहून?”

“त्याचं लाकूड नागपुरात नाही भेटत, इथं कुठं भेटन?”

“किती हलकं पायजे?”

“फुंकर मारली तं हाललं पायजे.”

“मंग भेंड काय वाईट हाय?”

केवळराम उठून तिच्याजवळ आला. मग त्यानं उजवा पंजा खिशातून काढून तिच्यासमोर धरला. “अन् कापन कोन?”

“कापाचं काम माह्यं,” जिजा म्हणाली. “तुमी फक्त सांगा.”

जिजाची आई बायाबाई लग्नसराईत बाशिंगं करून विकायची. तिच्या हाताखाली जिजा लहानपणापासून भेंड कापायला शिकलेली. दिवाळीला ती माहेरी गेली आणि येताना भेंडाचा भारा घेऊन एस.टी.तून उतरली. भाऱ्यात कापायची पातळ सुरीही होती.

माझ्या जन्माची सुरुवात भांडणानं झाली. केवळराम म्हणे, नकाशात आहे तशी फासळी काप. जिजा म्हणे, “बाशिंगात दोनी बाजू सारख्या लागते. याचं पोट सपाट अन् पाठ फुगलेली, असं कसं? नकाशा चुकला असन.”

केवळरामनं कागदाची एक लांब पट्टी फाडली. एक टोक ओठांशी धरलं. दुसरं टोक खाली लोंबत होतं. तो पट्टीच्या वरून फुंकला. लोंबती पट्टी हळूच वर उचलली गेली आणि आडवी थरथरत राहिली.

“खालून नाही फुंकलं मी,” तो म्हणाला. “वरून फुंकलं. तरी वर आली. पंखाचं असंच होते.”

जिजानं स्वतः फुंकून पाहिलं. एकदा, दोनदा, मग हसत सुटली. केवळरामनं पुढे किती वेळ काय काय समजावलं, ते सगळं तिला कळलं असेल असं मला वाटत नाही. पण दोन वर्षांत तिचा नवरा एका दमात एवढं बोलला नव्हता. ती भेंड हातात धरून ऐकत राहिली.

असे आमचे दिवस जाऊ लागले. शाळेतून आला की केवळराम नकाशावर बसायचा. जिजा कापायची, तो डोळा बारीक करून पाहायचा. “डाव्या अंगानं केसभर जास्त हाय.” “आता बरोबर.” माणसं एकमेकांवर प्रेम करतात म्हणजे काय करतात, ते मी तेव्हा फासळीफासळीनं पाहिलं.

एके दिवशी जिजा चुलीवरचा भात उतरवायला उठली. केवळरामनं इकडेतिकडे पाहिलं आणि डाव्या हातानं सुरी उचलली. उजव्याच्या अंगठ्या-करंगळीत भेंडाचा तुकडा चिमटीसारखा दाबून धरला. पहिला तुकडा मोडला. दुसरा वाकडा गेला. तिसरा फासळीसारखा दिसत होता. जिजानं हे चुलीजवळून पाहिलं होतं. पण तिनं तोंड पलीकडे फिरवलं आणि तयार झालेला भात उगाच ढवळत बसली.

माझा एक पंख पुरा झाला आणि दुसरा अर्ध्यावर होता, तेव्हा गोपीचंद आला. काखेत मोठा खोका. चेहरा लग्नाला आल्यासारखा फुललेला.

“कलकत्त्याहून आनलं गा, तुह्यासाठी,” त्यानं खोका उघडला. “समदं तयार हाय. इंजिन बसवलेलं. पंख ठेव, रबर लाव, उडव. अर्ध्या घंट्याचं काम!”

खोक्यात लाल रंगाचं विमान होतं. खरं सांगतो, मला त्याचा हेवा वाटला. काय ते अंग! हात फिरवावा तर बोट कुठे थांबू नये. जोड कुठेच दिसत नव्हता. त्याच्यापुढे मी म्हणजे भेंडाच्या काड्यांचा पिंजरा.

केवळरामनं उजवा पंजा पुन्हा खिशात घातला. मग हळूच म्हणाला, “तुले कोनं सांगितलं होतं आनाले?”

“कोनी नाही. वहिनीच्या बोटाले चिरा पडलेल्या पाहिल्या मी. म्हटलं, एवढा त्रास कायले?”

“मले त्रासच पायजे, गोपीचंद!” केवळरामचा आवाज चढला. “दोन साल झाले, कोनी मले त्रासच देऊन नाही राहिलं. हेडमास्तर म्हनते, बसून राहा. घरचे म्हनते, आराम कर. तू म्हनतं, अर्ध्या घंट्यात उडव. मंग बाकीच्या दिवसाचं करू काय मी?”

गोपीचंदचा चेहरा पडला. त्यानं खोक्याचं झाकण लावलं, परत उघडलं, आणि काय करावं ते न सुचून तसाच उठून निघून गेला. चप्पलही उलटी घातली त्यानं.

जिजा दारापर्यंत गेली होती. परत येऊन ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, “हात तुमचा गेला. पर झोप त्याहिचीबी गेली. मिलमंधी तो पट्टा चालू असला का ते भिंतीकडं पाठ करून उभे राहते. साऱ्या गावाले दिसते, तुमालेच दिसत नाही.”

दोन दिवस तो खोका कोपऱ्यात पडून होता. तिसऱ्या दिवशी केवळरामनं लाल विमान बाहेर काढलं. त्याचा पंख मांडीवर घेतला, डावा अंगठा कडेनं फिरवला, उजेडात तिरका धरून पाहिला. माझी खात्री होती, हा आता त्याला नावं ठेवणार. पण तो म्हणाला, “जिजा, ये पाह्य इकडं. ज्या कोन्या मानसानं हे केलं, त्याचा हात पाह्य! टोकं मागून थोडीशी उचलून ठेवली हायेत. म्हनून हे तोल नाही सोडत.”

तेव्हा मला एक गोष्ट कळली. तयार विमान म्हणजे आपोआप उगवलेलं विमान नव्हे. तेही कुणीतरी कुठेतरी त्रास घेऊनच केलेलं असतं. फक्त तो त्रास खोक्यात भरून पाठवता येत नाही.

दुसराही पंख पुरा झाल्यावर केवळरामनं माझे पंख तपासले. एका टोकाला नेमका उलटा पीळ होता. चहाच्या किटलीच्या वाफेवर धरून दोघांनी तो काढला. लाल विमान माझं शिक्षक झालं, असं म्हटलं तरी चालेल. नंतर आम्ही एकाच आढ्याला शेजारी शेजारी टांगलेलो होतो. हमरस्त्यावरून ट्रक गेला की घर हादरायचं आणि आम्ही दोघं सोबतच डोलायचो.

धान कापून झालं, भाताची खाचरं म्हणजे आमच्या बांध्या रिकाम्या झाल्या. माघातल्या एका सकाळी जिजाच्या माहेरच्या तलावाजवळ आम्हाला न्यायचं ठरलं. आदल्या दिवशी जिजा एकटी मिलवर गेली आणि गोपीचंदला सांगून आली, “भाऊजी, तुमच्या विमानाचं इंजिन आमाले चालू करता नाही येत. या लागन तुमाले.” ती खोटं बोलत होती. केवळरामनं सगळी माहिती वाचून ठेवली होती. पण गोपीचंद आला. हातात तेलाचा डबा, मान खाली.

पहिल्यांदा लाल विमान उडालं. गोपीचंदनं पात्याला झटका दिला, इंजिन मधमाश्यांच्या पोळ्यासारखं घोंघावलं, आणि ते सुटलं ते थेट आभाळात! बांध्यांवर गुरं राखणारे धावत आले. बायाबाई तोंडाला पदर लावून “माय व, माय व” करत राहिली. मोठा गोल घेऊन, तेल संपल्यावर ते सावकाश उतरलं. केवळरामनं टाळ्या वाजवल्या. हो, त्या तशा हातांनी. गोपीचंदनं त्या टाळ्या ऐकल्या आणि मान वर केली.

मग माझी पाळी. मला इंजिन नाही. पतंगासारखं दोरीनं ओढून वर न्यायचं आणि वर गेल्यावर दोरी सुटते. दोरी गळाची नायलॉनची, आणि ओढणारी जिजा. लुगड्याचा काष्टा घट्ट करून ती बांध्यांच्या कडेच्या धुऱ्याधुऱ्यांवरून वाऱ्याच्या तोंडावर धावली. केवळरामनं मला डाव्या हातात डोक्यावर धरलं होतं. 

“सोडा!” जिजा ओरडली.

पहिल्यांदा मी तिरका झालो आणि धानाच्या वाळल्या तणसाच्या ढिगात नाक खुपसलं. हसं झालं. नाकातली गोळी थोडी मागं सरकवली, आणि परत.

दुसऱ्यांदा मी वर गेलो. दोरी सुटली. खाली सगळं एकदम गप्प झालं. मला फक्त माझ्याच कागदावरून जाणारी हवा ऐकू येत होती. उन्हानं तापलेल्या बांधीवरून गरम हवेचा लोट वर येत होता. तो माझ्या पोटाखाली शिरला आणि त्यानं मला उचललं. मी घारीसारखा गोल गोल वर चढत गेलो. जिजा मुंगीएवढी झाली. तलाव ताटाएवढा झाला.

आणि मग वारा मला पाण्याकडे नेऊ लागला.

“चाललं! तलावात चाललं!” गोपीचंद ओरडला.

केवळराम धावला. तलावाची पाळ चढून, घसरत उतरून तो काठाला बांधलेल्या डोंग्यात उडी मारून बसला. हात गेल्यापासून तो डोंग्यात चढला नव्हता. डोंगा ढकलायचा बांबू कसा धरणार, हा विचार करायला त्याला सवडच नव्हती. मागून गोपीचंदही डोंग्यात पडला. गोपीचंदला पोहता येत नव्हतं.

मी तलावाच्या मधोमध कमळाच्या पानांवर उतरलो. पानांमधून पाणी वर येऊ लागलं. माझा कागद भिजला, सरस सुटायला लागला. दुरून डोंगा येताना दिसत होता. केवळरामच्या उजव्या अंगठ्यात आणि करंगळीत बांबू अडकलेला, डाव्या हाताचा जोर वर. डोंगा डुलत होता आणि गोपीचंद दोन्ही कडा धरून ओरडत होता.

“हळू गा, केवळ्या! मरन मी!”

“मर मंग! पर पयले त्याले उचल!”

गोपीचंदनं वाकून मला उचललं, तान्ह्या लेकराला उचलावं तसं. आणि मग तो रडायला लागला. मला छातीशी धरून हुंदके देऊन रडला. “त्या दिवशी मिल बंद कराले पायजे होती मी,” तो म्हणाला. “तू रंगवून राहिला होता अन् मी मिल चालू ठेवली.”

केवळरामनं बांबू पाण्यात रोवला. डोंगा थांबला.

“फडकं मी लटकवलं होतं,” तो म्हणाला. “अन् आता नोको काढू ते. पाह्य, बांबू धरता येते मले.”

काठावर जिजा उभी होती. पायाला काटे टोचून रक्त निघालेलं तिला कळलंही नव्हतं.

त्यानंतर मला उन्हात वाळवलं, नवा कागद लावला. केवळराम मिलमध्ये गेला आणि ‘मिल’ ही दोन अक्षरं डाव्या हातानं लिहून आला. यंत्र अर्थातच बंद होतं. अक्षरं जरा कलती आहेत. पुढच्या जूनमध्ये त्यानं वाचनालयाची खुर्ची सोडली आणि शाळेत पुन्हा खडू धरला.

मग कित्येक वर्षं मी उडालो. मोडलो, जुळलो, पुन्हा उडालो. गोपीचंदनंही हट्टानं नकाशावरून एक विमान केलं. ते करायला त्याला चार वर्षं लागली आणि ते बदकासारखं एका अंगावर कलून उडायचं. पण त्याच्याइतका आनंदी माणूस मी पाहिलेला नाही. लाल विमानाचा पंख एकदा बाभळीला लागून मोडला, तेव्हा त्याला जिजानं भेंडाचा पंख करून दिला. तेव्हापासून ते माझ्या नात्यातलं झालं.

पुढे शहरातून तशी जवळजवळ तयार विमानं पुष्कळ येऊ लागली. शाळेतली पोरं विचारायची, “सर, तयार घेतलं तं काय बिघडते?” केवळराम म्हणायचा, “काही नाही बिघडत. ज्याले उडवाचं हाय त्यानं घ्यावं, आज उडवावं. ज्याले विमान कसं उडते ते हातानं पाहाचं हाय, त्यानं माह्याकडं यावं.” पुष्कळ पोरं खोके घ्यायची. थोडी याच्याकडे यायची. तो दोघांच्याही विमानांना सारख्याच टाळ्या वाजवायचा.

आता अठ्ठ्याऐंशी साल आहे. मी म्हातारा झालो. भेंड पिवळं पडलं, बांबूत कीड शिरली. नकाशा तर केव्हाच गेला. पोरांच्या हातात फिरून घडीघडीवर फाटला आणि उरलासुरला वाळवीनं खाल्ला. परवा जिजा म्हणाली की तिला स्वतःचं एक विमान करायचं आहे. माझ्याहून मोठं, तिच्या एकटीच्या हातचं. पण मापं कुठून आणायची? केवळराम माझ्याकडे पाहत राहिला. जिजाही पाहत राहिली. मापं माझ्यातच होती, पण ती घ्यायला मला सुटं करावं लागणार होतं. शेवटी जिजानंच मला आढ्यावरून उतरवलं.

या घटकेला मी त्यांच्या घरातल्या फळीवर उताणा आहे. माझा कागद सोलून काढला आहे. एकेक फासळी सुटी करून जिजा ती पुठ्ठ्यावर ठेवते आणि पेन्सिलीनं भोवती रेघ ओढते. दुखत नाही. इतकी वर्षं मी एका नकाशातून आलेलं विमान होतो. आता विमानातून नकाशा होतो आहे.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. कधी तुमच्या घरात कुणी काही हातानं करत बसलं असेल, वाकडं, हळू, पसारा घालून, तर त्याला तयार वस्तू आणून द्यायची घाई करू नका. थोडा वेळ जवळ बसा. आणि माझी कीव करून मला पुन्हा जोडू नका. माझ्या काड्या चुलीला चालतील.

जिजानं आत्ता माझी शेपटी हातात घेतली आहे. ती उजेडात धरून पाहते आहे.

“हे थोडी लांब पायजे होती,” ती म्हणते. “मी नाही ठेवाची एवढी आखूड.”

“नकाशात तेवढीच होती,” केवळराम म्हणतो.

“असन,” ती म्हणते, आणि पेन्सिल माझ्या कडेच्या बाहेर, पुठ्ठ्यावर पुढे पुढे नेते.